मुरड

जप्तीच्या कागदावर हवालदार लिहितो, "डाई, तीन नग,"
आणि मान वर करून विचारतो,
"बालोंवाली?"
तेराव्यानंतर मी पहिल्यांदा हसते.

नाही हो. पोलादाच्या. नानांच्या.
रायफल क्लबच्या मागच्या खोलीत
परवान्याच्या पिवळ्या चौकटीखाली
टेबलाला चार बोल्टांनी जखडलेला हातदाबाचा प्रेस,
त्याच्या डोक्यात आटे फिरवून बसवायच्या या.

पहिली, फुगलेलं पितळ मापात आणते.
"झाडलेली पुंगळी जरा सैल पडते," नाना म्हणायचे,
"ओरडून झालेल्या माणसासारखी."
दुसरी तोंड उमलवते, गोळी टेकेल एवढंच.
तिसरी मिटते.

वाद सगळे तिसरीवरच.
डॉक्टर रांगणेकर दर रविवारी सांगत, करकचून आवळा,
घट्ट ते पक्कं.
नाना भिंगातून कड बघत राहत,
चहावर साय धरेपर्यंत.

तिसरीचेही दोन प्रकार त्यांच्याकडे होते.
एक विलायती, मखमली डबीसकट, ती पुढे कुणीतरी नेली ती नेलीच.
दुसरी हजिऱ्याच्या वहीदमियांनी
गिरणी बंद पडल्यावर घरच्या लेथवर काढलेली:
बाहेरून ओबडधोबड, आतून आरसा.
त्यांनी पैसे घेतले नाहीत.
नानांनी त्यांच्या अन्वरला नेम शिकवला, तीन हिवाळे.

"हे बघ शरयू, रिवॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी कड असते,
ते तिच्यावर अडून राहतं.
त्याचा ओठ खाचेत वळवला तरी चालतो,
करंजीला घालतो तशी मुरड.
पण हे पिस्तुलाचं.
याला मागे काही आधार नाही,
हे ओठांवरच तोललेलं असतं.
इथे मुरड घातलीस तर आत घसरेल,
कुठं थांबायचं त्याला कळणार नाही.
उमलवलं तेवढंच परत घ्यायचं. बास."

किती ते कसं कळणार, नाना?

"नख फिरव कडेवरून."

मला मुरड कधीच जमली नाही.
आई कढईपाशी करवादायची, करंज्या तेलात फुटतात हिच्या,
तेव्हा नाना बाहेरून येऊन, हात धुऊन,
ताट ओढून घ्यायचे
आणि एकतीस करंज्यांना मुंगीच्या पावलांची मुरड घालून
न बोलता परत बाहेर जायचे.

इंदूरहून मी दोन बॅगा घेऊन कायमची आले
त्या दुपारी त्यांनी काही विचारलं नाही.
आईने विचारलं. शेजारच्या भागवतकाकूंनी विचारलं.
भावाने फोनवरून, मोठ्या आवाजात.
नानांनी स्कूटरवर मागे बसवून क्लबात नेलं,
पुढ्यात पन्नास पुंगळ्या ठेवल्या,
म्हणाले, यांची तोंडं कशी मिटायची
ते तू ठरव.

मी चुकीची डाय निवडली.
दाबलं, सगळ्या रागानिशी दाबलं.
ओठ आत वळले, पितळ गोळीच्या अंगात रुतलं.
त्यांनी एकेक उचलून उजेडात फिरवलं,
हातोडीच्या ठोक्याने गोळी सुटी केली,
दारू कागदावर, गोळी वाटीत,
सगळं पुन्हा वेगळं वेगळं.
"मोडता येतं," एवढंच म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने,
"काही पुंगळ्या मात्र टाकून द्याव्या लागतील."

आता हवालदार परवाना घेतो, पिस्तूल घेतो,
काडतुसं दोनदा मोजतो, दुसऱ्यांदा एक कमी भरतं,
तिसऱ्यांदा बरोबर.
"और ये? इससे होता क्या है?"

तोंड बंद होतं, मी सांगते.
"किसका?"

मी गप्प.
तो यादी चाळतो, साहेबांना विचारून येतो.
"ये हथियार में नहीं आता, बाईसाहब. ले जाओ."

कंपूच्या टेंपोत दाटीवाटीने बसून
पर्समध्ये हात घालते.
वहीदमियांच्या कडेवरून अंगठ्याचं नख
एकदा, पुन्हा एकदा.
अडत नाही कुठंच.
पाटणकर बाजार येतो,
मला इथेच उतरायचं होतं.